खुर्चीचा सत्कार

विटेवर उभ्या विठुरायाला आधी वंदन करतो, कारण त्याच्याइतके ताटकळणे माणसाला जमत नाही.

आमचे निवृत्त सुभेदार कदम कुवेतमधल्या राई या औद्योगिक भागात एका गोदामावर सुरक्षारक्षक आहेत. या वयात त्यांना पुढे शिकण्यासाठी माजी सैनिकांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून तिथल्या आखाती क्रिकेट स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला त्यांचा सत्कार ठरला. त्याच संध्याकाळी, अबू हलीफा भागातल्या आपल्या खोलीवरून, त्यांना ऑनलाइन परीक्षा द्यायची होती. ती हुकली की शिष्यवृत्ती बंद.

आधी प्रायोजकांचा सत्कार झाला, मग त्यांच्या मेहुण्यांचा. त्यानंतर आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी विद्येचे महत्त्व सांगायला घेतले.

सुभेदार उठले. "साहेब, माझी परीक्षा आहे."

"अहो, बसा हो! तुमच्याच अभ्यासाबद्दल बोलतोय ना!"

"आपण बोला, मी करून येतो." सॅल्यूट ठोकून ते चालते झाले.

फोटो मात्र हवाच होता. मंडळाने रिकाम्या खुर्चीला शाल पांघरली, वर नारळ ठेवला. भाषण संपेपर्यंत खुर्ची जागची हलली नाही. इतका गुणी सत्कारमूर्ती मंडळाला प्रथमच लाभला.

सुभेदार उत्तीर्ण झाले. तुम्हा सर्वांच्या घरी विद्या नांदो, आणि तिची स्तुती करणारे लवकर खाली बसोत.