शिशाचा नळ

सन एकोणीसशे सत्त्याण्णव, एप्रिलचा दुसरा आठवडा, ऊन नुकतं तापायला लागलेलं... मला सांगा, असल्या दिवसांत घरात करंगळीएवढी धार येत असेल, तर माणसाने नळवाल्याला काम करू द्यावं की लॅटिन शिकवावं? मी गेलो होतो नळ दुरुस्त करायला. शाळेत नव्हे.

घर भाषेच्या प्राध्यापकांचं. भिंती दिसत नाहीत, नुसती पुस्तकं. मी ओट्याखाली आडवा, गुडघे ठणकतायत, आणि हे शेजारी स्टूल टाकून बसलेले. "मिस्त्री, तुम्हाला प्लंबर का म्हणतात, माहीत आहे?"

"नळ जोडतो म्हणून."

"छे छे. लॅटिनमध्ये प्लंबम म्हणजे शिसं. रोमन लोक शिशाच्या नळांतून पाणी आणायचे, ते काम करणारा प्लंबारियस, मग तो शब्द फ्रेंचांनी घासला, इंग्रजांनी उचलला..."

"सर, जरा बॅटरी धरा."

धरली. छताकडे.

तुम्हाला सांगतो, बेचाळीस वर्षं लोखंडात नि तांब्यात हात काळे केले, आणि हा गृहस्थ माझं कूळ शिशातून काढतो. दुसरा कुणी असता तर पाना ठेवून निघालो असतो. पण यांचं ओझं होतं माझ्या डोक्यावर. माझ्या परवान्याचा इंग्रजी अर्ज यांनी लिहिला होता. कचेरीने दोनदा परत पाठवला, यांनी तीनदा लिहिला, आणि पैसे पुढे केले तर म्हणाले, "राहू द्या हो." राहू द्या म्हणे... पंचवीस वर्षं राहिलंच ना ते, घशात घास अडकावा तसं. म्हणून गप्प पडून ऐकत होतो. मी गेलो होतो नळ दुरुस्त करायला.

शेवटी सरांच्या घरच्या बाई दारातून म्हणाल्या, "अहो, सोडा त्यांना. परवा लेक येतेय, चार महिन्यांचं बाळ, वरचं दूध... पाणी नको का त्याला?"

"हो हो. तर ओळंब्यालासुद्धा इंग्रजीत प्लंबच म्हणतात, तोही शिशाचा..."

मी तिकडे लक्षच दिलं नाही. जुन्या नळावर हिरव्या रंगाचे थरावर थर. कापण्याआधी चाकूने खरवडला, तर चाकू साबणात शिरावा तसा आत. खाली चांदीसारखं लखलखीत.

"सर, प्लंबम म्हणजे काय म्हणालात?"

"शिसं."

"मग वाका आणि बघा."

वाकले. चेहरा असा उजळला, जणू पाहुणा आला घरी. "अरे वा, अगदी रोमन..." आणि तिथेच थांबले.

"शिसं म्हणजे विष, सर. तीस वर्षं यातूनच पाणी पिताय," मी म्हटलं. "परवा बाळ पिणार."

बाईंनी गॅसवरचं चहाचं आधण मोरीत ओतलं. सरांनी खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "पण मिस्त्री, याची तोटी तुम्हीच तीनदा बदललीत ना?"

बदलली होती. वरची तोटी काढायची, नवी बसवायची, पैसे घ्यायचे, चालू पडायचं. यांनी शब्द पार रोमपर्यंत खरवडला आणि मी नळावरचा रंग नाही खरवडला. दोघेही शहाणे.

दोन दिवस रस्त्यापासून ओट्यापर्यंत सगळं शिसं उपसलं, तांबं घातलं. सर बॅटरी धरून होते, नीट धरून. तिसऱ्या दिवशी बाळ आलं. बाईंनी नव्या नळाखाली पातेलं भरलं, सरांनी पाकीट काढलं.

"राहू द्या हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाकीट परत खिशात ठेवलं.

फिटलं.