मशीनवाली आई

मनस्वी : मग मी दुसरं काय विचारू? रखमी मावशी ‘जरा बोलून घ्या’ सांगून कधीची गेली, आणि तुम्ही दोघं आपले ओटीवर बसून छपराचे पत्रे बघताय. आवडता हिंदी पिच्चरच विचारला ना? पगार नाही विचारला. सांगा ना काका!

रत्नदीप : मी? आधी आईला विचार. लेडीज फर्स्ट.

पौर्णिमा : मला नका मधी घेऊ. मी रखमीला आधीच बोलले, चहा पाजते नि वाटंला लावते. जेवाया थांबवायची नाय. बघाया आलेला माणूस जेवून गेला म्हंजे ठरलं. उद्या अख्खी किन्हवली दारात पेढे मागाया येल.

रत्नदीप : नाय नाय, चहा बास. मला दुपारची मुरबाडची गाडी हाय. तिथनं परत धसईला जायचं.

पौर्णिमा : हां. मग बरं.

मनस्वी : आई! पाहुण्याच्या तोंडावर?

पौर्णिमा : मग काय पाठीमागं बोलू? लग्नाची पोर घरात बसलीय, नि बघाया आलेत कुणाला, तर तिच्या आयला! माझ्या अंगणवाडीतली पोरं पण हसतील मला.

मनस्वी : अंगणवाडीतली पोरं शेंबूड पुसतील की तुला हसतील? आणि मग भात तिघांचा का टाकलास सकाळी?

पौर्णिमा : कोंबड्यांना टाकला. गप बस तू.

रत्नदीप : मला आवडतो तो पिच्चर... पण त्याचं नाव नाय म्हायती.

मनस्वी : असा कसा आवडता? नावच माहीत नाही?

रत्नदीप : कॅसेटीत सुरवातीची नावंच नव्हती गो. आमच्या धसईत त्याला ‘चौदा साल’ बोलायचे. एक आई असते, गरीब. कपडे शिवते. तिचा पोरगा मुन्ना. तर त्या मुन्नावर खुनाचा आळ येतो...

पौर्णिमा : थांबा. पांढरं पातळ?

रत्नदीप : आईचं? हां, पांढरं.

पौर्णिमा : मशीनचा एक पाय मोडका, त्याच्याखाली वीट लावलेली?

रत्नदीप : वीट! तुमाला वीट म्हायती?

पौर्णिमा : अगो बाय! ही तर आमची ‘मशीनवाली आई’! मने, हा तोच गो, मी तुला सांगते तो!

मनस्वी : दर उन्हाळ्यात सांगतेस तो?

पौर्णिमा : तोच! तुमी कुठं बघितला?

रत्नदीप : आमच्या विहारापुढं. बाबासाहेबांच्या जयंतीला व्हिडिओ लावलेला. मुरबाडचा रामा व्हिडिओवाला यायचा, टीव्ही गोधडीत गुंडाळून यष्टीच्या टपावर टाकून...

पौर्णिमा : आमच्याकडं पण रामाच यायचा! चुलत्याच्या हळदीला आणलेला त्याला. टीव्हीला हार घातलेला आमी. आधी टीव्हीला, मग नवऱ्याला.

रत्नदीप : चार पिच्चर बोलून आणायचा, नि तिसऱ्याला सगळी झोपायची. पण ह्या पिच्चरला नाय कोण झोपलं कवा.

पौर्णिमा : झोपतील कशी? तो मुन्ना जेलात जातो तेव्हा आमची आजी टीव्हीतल्या पोलिसाला चप्पल मारायची. खरीखुरी चप्पल. रामा हातापाया पडायचा, म्हातारे, काच फुटंल.

मनस्वी : बघा! आता कसं तोंड उघडलं दोघांचं!

रत्नदीप : नि मग चौदा वर्सांनी मुन्ना सुटून येतो, ट्रक चालवत...

पौर्णिमा : तोंड बदलून!

रत्नदीप : हां, तोंड बदलून.

मनस्वी : एक मिनिट. तोंड बदलून म्हणजे? आई, हे तू मला कधी नीट सांगितलंच नाहीस.

पौर्णिमा : त्यात काय सांगायचं? जेलात जातो तेव्हा उंच असतो, काडीसारखा. येतो तेव्हा जाडा नि मिशीवाला. जेलचं पाणी लागलं त्याला.

रत्नदीप : पाणी? नाय हो. ऑपरेशन केलं त्याचं.

पौर्णिमा : कसलं ऑपरेशन?

रत्नदीप : तोंडाचं. दुश्मनानं वळखू नये म्हणून. गॉगलवाला डाक्टर हाय ना त्यात?

पौर्णिमा : तो डाक्टर पुढं हिरोईनच्या बापाला तपासाया येतो. ऑपरेशन कुठं दाखवलंय?

रत्नदीप : मधी मुंग्या नाय आल्या का टीव्हीवर? खरखर खरखर झालं ना मधी? तेवढ्या टायमात झालं ऑपरेशन.

पौर्णिमा : मुंग्यांत ऑपरेशन!

रत्नदीप : अख्ख्या धसईला म्हायती हाय.

पौर्णिमा : तुमची धसई येडी हाय. उंच माणूस बुटका झाला तो काय पाय कापून? जेलात वाकून वाकून खडी फोडली, म्हणून झाला. आमचे मास्तर सांगायचे.

रत्नदीप : मग हिरोईन का बदलली? ती पण खडी फोडत व्हती?

पौर्णिमा : ती पयली वाट बघून बघून गेली लग्न करून. चौदा वर्सं कोण थांबंल?

रत्नदीप : मी थांबलो ना. तीन बहिणींची लग्नं करता करता अठ्ठेचाळिशी आली. माझ्या पिच्चरची तर अजून नुसती नावंच चाललीत.

मनस्वी : काका! भारी!

पौर्णिमा : हसू नको गो. हसू नको बोलले ना... अगो, मलाच हसाया येतंय.

रत्नदीप : नि तो ट्रकचा सीन आठवतो? मुन्ना ट्रकमधनं अशी उडी मारतो, असा गमछा झटकतो नि असा चालत चालत...

पौर्णिमा : अहो! अहो पाय! पापड!

रत्नदीप : आयला.

पौर्णिमा : तांदळाचे पापड हायेत ते! कालच घातलेत, अजून वले हायेत! उचला तो पाय. अहो तसाच नका उचलू, दोन पापड चिकटून आले पायाला!

रत्नदीप : सॉरी, सॉरी. मी भरून देतो पापड.

पौर्णिमा : राहू द्या. बसा त्या खाटंवर. हलू नका आता. मुन्ना तर मुन्ना, अंगणात ट्रक घातला माझ्या.

मनस्वी : आई, तू एवढी शेवटची कधी हसलीस गं?

पौर्णिमा : तू मोबाइलात काय टाइप करतेस मघापासनं? फोटो नको काढू त्या पायाचा.

मनस्वी : फोटो नाही. तुमचा पिच्चर शोधतेय. तुम्ही बोला. काका, तुम्हाला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं?

रत्नदीप : तो घरी येतो ना, ते.

पौर्णिमा : मला पण तेच.

रत्नदीप : दारात हुबा राहतो. चौदा वर्सांनी. तोंड दुसरं, कपडे दुसरे. आपल्याला वाटतं, आता ही विचारणार, कोण रे तू? काय काम हाय? तर ती मशीनवरनं नुसतं वर बघती...

पौर्णिमा : ...नि बोलती, ‘हाथ धो ले मुन्ना. चावल ठंडा हो रहा है.’

रत्नदीप : बास. एवढंच. एक पण सवाल नाय.

पौर्णिमा : माझ्या तर आता पण काटा आला बघा अंगावर.

रत्नदीप : माझ्या आयनं पाठ केलेला तो डायलॉग. हिंदी तिला बाकी एक अक्षर येत नव्हतं. मी वायरमन. पावसापाण्यात खांबावर चढून यायचो, तोंड काळं, कपड्यांना चिखल. दारात आलो की आय चुलीपासनंच वरडायची, ‘हात धो ले मुन्ना!’ शेजारची पोरं पण मला मुन्नाच बोलायची. लाज वाटायची मला, चिडायचो तिच्यावर.

पौर्णिमा : कधी गेल्या आय?

रत्नदीप : दोन वर्सं झाली. आता कुलूप काढतो, आत जातो. हात धुतो आपलाच. कोण बोलतच नाय. म्हणून आलो मी खरं तर. रखमी मावशीनं फोटो दाखवला तुमचा, पण मी काय फोटो बघून नाय आलो. ती बोलली, बाई तोंडाची फटकळ हाय पण दारातल्याला उपाशी नाय धाडत. मी बोललो, जाऊन बघतो.

पौर्णिमा : रखमीला काय, ती काय पण बोलती.

मनस्वी : सापडला!

पौर्णिमा : काय?

मनस्वी : पिच्चर. म्हणजे... आई, काका, जरा धीर धरा हं. दोन सापडले.

रत्नदीप : दोन भाग हायेत?

मनस्वी : दोन भाग नाहीत. दोन पिच्चर आहेत. वेगवेगळे. हा बघा एक, उंच हिरोचा. आणि हा दुसरा, मिशीवाल्याचा, ट्रकवाला.

पौर्णिमा : काय पण. दाखव. हा मुन्ना... हो, हाच. नि हा... हा पण मुन्नाच.

मनस्वी : दोघांचं नाव मुन्ना. पण माणसं दोन, गोष्टी दोन, हिरोईनी दोन. फक्त आईचं काम करणारी बाई तीच. दोन्हीत पांढरं पातळ, दोन्हीत मशीन. तिला तेच काम द्यायचे वाटतं सगळे. तुमच्या रामा व्हिडिओवाल्यानं अर्धा हा आणि अर्धा तो दाखवला तुम्हाला!

रत्नदीप : थांब, थांब. रामा बोलायचा, टेप तुटली व्हती, चिकटपट्टीनं जोडली. आमाला वाटलं एकच टेप तुटलेली.

पौर्णिमा : म्हंजे त्या मुंग्या...

रत्नदीप : चिकटपट्टी!

(तिघंही हसत सुटतात. खाट करकरते.)

मनस्वी : ऑपरेशन! खडी फोडून बुटका! अरे यार, दोन दोन गावं! तीस वर्षं!

रत्नदीप : आमच्या गावात त्या ऑपरेशनवरनं मारामारी झालीय गो! माझ्या मामाचा दात पडलाय त्यात!

पौर्णिमा : पोट दुखाया लागलं माझं. थांबा. अगो थांबा. मने, पण मग एक सांग.

मनस्वी : काय?

पौर्णिमा : मग तो पयला मुन्ना? उंच? तो घरी कधी आला?

मनस्वी : ते राहू दे ना आई.

पौर्णिमा : सांग ना. लिवलं असंल त्यात.

मनस्वी : नाही येत तो. जेलमध्येच मरतो. आईला त्याचे कपडे आणून देतात.

पौर्णिमा : आलाच नाय?

मनस्वी : नाही.

पौर्णिमा : मी एवढी वर्सं... मनस्वीच्या पप्पांना दवाखान्यात नेलं तेव्हा पण मी तेच बोलत व्हते मनात. मुन्ना आला तसे येतील. तोंड बदललं तरी चालंल, वाळून आले तरी चालंल, पण येतील. सात वर्सं झाली. नाय आले. मी बोलले, पिच्चरमधी तरी कोण आलं ना. नि हा पण नाय आला.

रत्नदीप : आला.

पौर्णिमा : कुठं आला? आता तीच वाचून दाखवती ना.

रत्नदीप : मोबाइलात नाय आला. किन्हवलीत आला. धसईत पण आला. तुमच्या आजीनं बघितला, माझ्या आयनं बघितला. तुमी नि मी डोळ्यांनी बघितला त्याला दारात. आता कोणी काय पण लिवू दे.

पौर्णिमा : तुमी बरे वकील हाय मुन्नाचे.

रत्नदीप : वायरमन हाय. तुटलेलं जोडायची सवय.

मनस्वी : आई, खरं सांग. तुला काका आवडले नाहीत का?

पौर्णिमा : मने! समोर बसलेत ते!

मनस्वी : तोंडावर बोललेलं बरं, तूच म्हणालीस. त्यांच्यात खोट आहे का काही?

पौर्णिमा : त्यांच्यात कशाला असंल? माणूस चांगला हाय. पापड तुडवतो, पण चांगला हाय. मला भ्या वाटतं ते तुझं.

मनस्वी : माझं?

पौर्णिमा : तुझंच. उद्या तू कॉलेजातनं येशील नि पप्पांच्या खुर्चीत दुसरं कोण बसलेलं असंल. तुला आपलंच घर परकं वाटंल. बोलशील, ही माझी आय नव्हंच, कोण दुसरीच झाली. ते मला नाय सोसणार. म्हणून ‘नाय’ बोलते मी रखमीला. दुसरं काय पण नाय.

मनस्वी : वर्षभर रखमी मावशीच्या मागे कोण लागलं होतं, माहितेय तुला?

पौर्णिमा : कोण?

मनस्वी : मी. ती म्हणायची, तुझी आई मला झाडूनं मारेल. मी म्हटलं, मारू दे, मी मलम देते.

पौर्णिमा : तू?

मनस्वी : हो. आणि तुमचा पिच्चर बघ ना. हिरो बदलला, हिरोईन बदलली, गाव बदललं, घर बदललं. तीस वर्षं तुमच्यापैकी एकालाही शंका नाही आली. का नाही आली?

रत्नदीप : का?

मनस्वी : कारण आई तीच होती. मला पण नाही येणार शंका.

पौर्णिमा : इकडं ये. ये अशी जवळ. एवढी मोठी कधी झालीस गो तू?

रत्नदीप : हॉर्न वाजला वाटतं. मुरबाडची असंल. मी निघतो मग. पापडांचं तेवढं...

पौर्णिमा : कुठं निघालात?

रत्नदीप : गाडी ती एकच हाय ना दुपारची.

पौर्णिमा : जाऊ द्या गाडी. मने, डोळे पूस नि मोरीत तांब्या ठेव. हात धुवा तुमी. भात निवतोय.