कोरडी टोपी

आईशप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे एक जागा सोडून, ती शेवटी सांगतो.

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास मुरबाडला आमच्या पोहण्याच्या क्लबने तलावात स्पर्धा भरवली. पोहत जाऊन पलीकडच्या बांधाला हात लावून परत यायचं. काठच्या उंच लव्हाळ्यामागे कोण काय करतं ते दिसायचं नाही. पहिला आला वाडीवरचा सोमा, आणि डोक्यावरची टोपी कोरडीठाक!

पंच असलेल्या गुरुजींनी आधी त्याच्या तळपायांना चिखल लागलाय का ते पाहिलं. मग म्हणाले, "काठाकाठाने धावत आलास ना रे?"

"नाय गुरुजी. आमी कामाला रोज असाच पवत जातो. कपडे, भाकर, सगळा डोक्यावर. डोका भिजवून कसा चालंल?"

"परत पोहून दाखव. नायतर कप नाय."

गुरुजींनी त्याच्या टोपीत काडेपेटी ठेवली. सोमा पोहत गेला, पोहत आला, त्याच पेटीतल्या काडीने विडी शिलगावली आणि म्हणाला, "द्या आता कप. कामाला टाइम होतो."

कप डोक्यावर ठेवून तो पोहतच गेला.

आता ती खोटी जागा. गुरुजी बिचारे लगेच कप देत होते. तळपाय मी तपासले, काडेपेटीही माझीच.

दुसरा नंबर माझा होता ना!