मागापुढे उभे राहिलेले बाबा

अरे, आमचं डिझाइनचं ऑफिस परळच्या जुन्या मिलमध्ये आहे ना, तिथे परवा प्रदर्शनात एक जुना माग मोटर लावून चालवणार होते. बाबांनी त्याच मिलमध्ये वीस वर्षं माग चालवलेले, म्हणून मी त्यांनाही घेऊन गेलो.

आमच्या मॅडम बटण दाबणार, तेवढ्यात बाबा दोरी ओलांडून मागापुढे उभे राहिले. "आधी त्या पोरांना उठवा!"

मागाच्या बाजूलाच शाळेची मुलं बसली होती. सिक्युरिटीवाल्याने बाबांचा दंड धरला. मी पुढे धावलो.

"बाबा, चला ना! त्या माझ्या बॉस आहेत."

"गप रव. धोटो उडतलो."

धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा, लोखंडी टोकांचा लाकडी तुकडा. बाबा हलेनात. शेवटी मॅडमनी वैतागून मुलांना उठवलं आणि बटण दाबलं.

चार-पाच फेऱ्या झाल्या आणि धोटा सुटला. मुलं जिथे बसली होती, नेमका त्या जागेमागच्या भिंतीवर आदळला. प्लास्टरचा पोपडा खाली पडला.

बाबांनी विचारलं, "धोटा अडवायची जाळी असते, ती कुठे गेली?"

मॅडम म्हणाल्या, "मीच काढायला लावली, काका. फोटोत चांगली दिसत नव्हती."