मानेवरच्या रेघा

परळच्या इस्पितळात गाठींच्या कॅन्सरवरचा पहिलाच किरणांचा शेक घ्यायला बसलेल्या सुमतीला शेजारच्या नवराबायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

"बेबी, शेकासाठी डॉक्टरांनी माझ्या मानेवर आखलेल्या रेघा पुसायच्या नव्हत्या!"

"मग दिवाळीला उटणं लावायचं नाही?"

"लावायचं. पण पातेलं घासल्यासारखं?"

"दोन वर्षं सगळे क्षयच म्हणत बसले. संयुक्त महाराष्ट्र आधी होतो की तुमचं निदान, अशी वाडीत पैज लागलेली! तेव्हा नाही ओरडलात."

"आता डॉक्टर ओरडतील."

"ओरडू देत. पुन्हा आखा म्हणावं. पण आधी गाठ शोधा. एवढं चोळलं, माझ्या हाताला लागलीच नाही."

"काय सांगतेस! खरंच?"

"देवाशप्पथ. अहो, नाचताय काय? लोक बघताहेत!"

"नाचू देत हो," सुमती म्हणाली.