लंकाबाईच्या तोंडी परका आवाज

न्हाई पावणं, शाल राहू द्या पिशवीतच. नारळबी. सत्काराचं मागनं बघू — आधी मला सांगा, तुमच्या ह्या डब्यावर जी म्हातारी छापलीय, डोक्यावर पावसाचं पानांचं इरलं घेतलेली, धुक्यात उभी, ती कोण? — बरोबर. लंकाबाई. माझी आई. मी रत्ना, तिची लेक. ‘चांदणीपल्याड’ मालिकेला वीस वर्षं झाली म्हणून तुमच्या कंपनीनं ह्यो डीव्हीडीचा डबा काढला, वर सोनेरी अक्षरं टाकली, चेहरा माझ्या आईचा टाकला. लई चांगलं केलं. मंग तिच्या तोंडात आवाज कुणाचा घातला?

बसा, बसा. उठायची घाई करू नका, चा ठिवलाय. तुमी तवा शाळंत असाल — ते शूटिंगवाले आले ते श्रावणात. हितं आहुप्याला त्या दिसांत ढग भुईवर बसतो, समोरची म्हस दिसत न्हाई, आन् त्यांना तेच पायजे व्हतं, दुसऱ्या ग्रहावरची जमीन म्हणून. त्या ग्रहावरच्या म्हातारीचं काम करायला पुण्याहून एक बाई आणली व्हती, तिला भरली थंडी, ती गेली माघारी. डायरेक्टर बसलाय कपाळाला हात लावून आन् आमची आई इरलं घेऊन भातखाचरातनं वर आली. त्यो उठून उभाच राह्यला. म्हणला, हाच ड्रेस. — इरल्याला ड्रेस म्हणला म्हणून आई पुढं कैक दिवस हसत व्हती. तिला कागदावरचं बोलणं काय येईना. मंग त्यो म्हणला, आजी, आभाळातनं एक माणूस वाट चुकून तुमच्या दारात पडलाय, काय बोलाल त्याला? आई म्हणली, “लांबून आलास व्हय रं? बस. पाय पूस. तुज्या गावाला भात व्हतो का?” — एवढंच. कुणी शिकवलं न्हाई तिला. तेच घेतलं त्यांनी. टीव्हीला लागलं तवा आमी समदी डिंभ्याला धरणाच्या वसाहतीत गेलो बघायला, आन् त्याच्या मागनं घोडेगावच्या बाजारात माणसं तिला थांबवून इचारायची, काय मावशे, भात व्हतो का? आई म्हणायची, व्हतो की, कोंबडं न्हाई शिरलं खाचरात तर.

चौऱ्याण्णवला गेली ती. तापानं फणफणली व्हती, खाली न्यायला जीप मिळंस्तवर सांज झाली, आन् वाटंतच — असू द्या ते. तिचा फोटू हाय एक, जत्रंतला, त्यात डोळं मिटलेलं. आवाज कशातच न्हाई. आमच्यासारख्यांचा आवाज कोण धरून ठिवतंय, पावणं? त्या मालिकेत तेवढा व्हता. रामदासनं — माझा भाऊ — त्यानं मंचरच्या एका व्हिडिओवाल्याकडनं त्या भागाची कॅसेट करून घेतली व्हती, तिला बुरशी लागली. म्हणून तुमचा डबा निघणार हे पेपरात आलं तवा आमच्या घरात — कसं सांगू — माणूस येणार म्हणून सारवतात ना, तसं झालं. पाडव्याला रामदासनं प्लेयर आणला. आख्खी वाडी ह्या एवढ्या घरात. बायडाबाई, आईची मैतरीण, तिला आता दिसत न्हाई, तिला मी हाताला धरून आणली, म्हणलं चल, आज लंकी बोलणार हाय. टीव्हीच्या म्होरं बसवली. आन् आईनं तोंड उघडलं — “हे परग्रहवासी, आपले स्वागत असो. आपल्या ग्रहावर कोणते अन्न पिकते?” — कुणी गोड गळ्याची शिकलेली बाई. बायडाबाई म्हणली, ही कोण गं बोलती? लंकी कवा येणार?

काय म्हणता, जुना आवाज खराब झाला व्हता? खरखर व्हती? आई बोलायच्या आधी कोंबडा आरवतो, त्यो आमचा कोंबडा, त्यो ठिवलाय तुमी. मी चारदा लावून बघितलं. कोंबडा नीट ऐकू येतो आन् आई तेवढी खराब झाली? खोटं बोलू नका माझ्या दारात बसून. — हां. आता कसं बोललात. परदेशातल्या मराठी लोकांना आमची बोली कळंना. भात कळंना त्यांना? पाय पूस कळंना? आभाळातनं पडलेल्या माणसाला कळलं, त्यो मुकाट्यानं बसला, पाय पुसलं त्यानं — आन् तुमच्या गिऱ्हाइकाला कळंना. इचारायचं व्हतं की एकदा आमाला. चेहरा छापताना न्हाई इचारलं, जीभ कापताना तरी इचारायचं.

बरं, जाऊ द्या डबा. तुमची ती जुनी टेप असंल ना, तीवरनं तेवढं एक वाक्य काढून द्या. बाकी काय नको आमाला. — असं मान खाली घालून काय बसलाय? — पुसली? — कुणी पुसली? — तुमी? आवाजाचं काम तुमच्याकडं व्हतं?

म्हंजी तुमी सत्काराला न्हाई आलात. तुमच्या मनाला खात व्हतं म्हणून आलात.

ऐका आता. मला शब्द समदे पाठ हायेत. पण आवाज येत न्हाई. चुलीपाशी एकटी असले की म्हणून बघते, लांबून आलास व्हय रं — माझाच आवाज येतो. जोरात म्हणलं तरी माझाच. आन् माझी पोर, श्रेया, तिनं आजी कधी बघितली न्हाई, ती पाडव्याला रातच्याला मला म्हणली, आई, आजी किती छान बोलायची गं, शाळंतल्या बाईंवाणी. मी हां म्हणले. आता ती अंगणात तसंच बोलत खेळती, परग्रहवासी, परग्रहवासी, आन् मी आत उभी राहून ऐकते.

पुसायच्या आधी ऐकला असंल ना तुमी? त्या मशिनीवर, कानाला लावून? मंग ह्या जगात शेवटचा तुमीच ऐकला की. सांगा कसा व्हता. जाड व्हता का बारीक? ‘बस’ म्हणताना दम लागला व्हता का तिला — चढ चढून आली व्हती ती — का नेहमीसारखी म्हणली? शेवटाला हसली व्हती असं रामदास म्हणतो, मी म्हणते न्हाई. हसली का? — बोला की. आठवून बोला, मी थांबते.

— न्हाई आठवत म्हणता.

उठा मंग. पायताणं घाला. रामदास यायच्या आत खाली उतरा, त्याला अजून वाटतंय मुंबईला कपाटात टेप हाय. जावा.