बाकी सगळं आहे तसंच

...आणि वर मलाच विचारतात, तुम्ही ओरडला का नाहीत! अहो, घसा बसला माझा ओरडून. पण ऐकायला होतं कोण, तर यंत्र, आणि त्या यंत्राला शिकवलं कुणी, तर मी! तुम्हाला सांगतो, स्वतःच्या हातानं लिहिलेल्या ओळीची अशी भीती कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आमचं औषधांचं गोदाम. त्यात एक गारठा खोली, उणे वीस अंश. तिचं दार, दिवे, पंखे सगळं यंत्र बघतं, आणि काय केलं की काय बदलतं हे त्याला एकेका वाक्यानं शिकवायचं काम माझं. कार्ड लावून आत गेला की माणूस आत, कार्ड लावून निघाला की बाहेर. सोपं वाटतं ना? पण काय बदलत नाही तेही सांगावं लागतं हो! दिवा लावला तरी डबा हलत नाही, डबा हलवला तरी दिवा विझत नाही, माणूस शिंकला तरी दार उघडत नाही... चार हजार वाक्यं झाली! मी झोपेत बडबडायला लागलो, ‘पंखा फिरला तरी भिंत तिथेच’, आणि बायको उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. शेवटी सगळं खोडलं आणि एकच ओळ लिहिली. जे बदलल्याचं कळलं नाही, ते आहे तसंच. साहेबांनी पाठ थोपटली. आणि खर्च नको म्हणून यंत्राचं बोलणंही माझ्याच आवाजात भरून घेतलं.

तर परवा दुपारी, जेवणाच्या सुट्टीला, मी कार्ड लावून बाहेर आलो, जाड कोट खुंटीला अडकवला आणि आठवलं, चष्मा आत फळीवर राहिला. दार मिटतच होतं. म्हटलं, एका मिनिटासाठी पुन्हा कार्ड कशाला? शिरलो फटीतून. मागे दार धप्प. दिवे गेले, पंखे जोरात सुटले, आणि त्या अंधारात माझाच आवाज, अगदी गोड, “खोली रिकामी आहे. बाकी सगळं आहे तसंच.”

आतून दार उघडायचं बटण असतं, ते चाचपडत शोधलं, दाबलं. तर मीच मला सांगतोय, “खोली रिकामी आहे. बटण दाबणारं कोणी नाही.” मग भिंतीवरच्या माइकला तोंड लावून विचारलं, बाबा रे, कर्मचारी क्रमांक अकरा कुठे आहे? “क्रमांक अकरा एक वाजून चार मिनिटांनी बाहेर गेले. परत आल्याचं कळलेलं नाही.” मोबाइल बाहेरच्या कपाटात, आत न्यायचा नाही, हा नियमही माझाच!

बोटं बधिर व्हायला लागली. खरंच सांगतो, मी घाबरलो. बायकोला वाटत असेल मी कामात आहे, साहेबांना वाटत असेल मी जेवतोय. आणि मला आठवली आई. शेवटचा फोन केला त्याला... चार महिने? तिचा फोन आला नाही म्हणजे बरी असेल, असं मीही धरूनच चाललो होतो की. बाकी सगळं आहे तसंच! त्या यंत्राला मी वेगळं काय शिकवलं होतं?

रडू येऊ नये म्हणून हाताला काहीतरी काम द्यावं, तर एक डबा उचलला. प्रत्येक फळीखाली वजनकाटा असतो आमच्याकडे. लगेच आवाज, “फळी सात, वजन कमी झालं. खोली रिकामी आहे, म्हणजे डबा कोणी उचललेला नाही. म्हणजे काटा बिघडला आहे.” आणि पुढे म्हणतो कसा, “काटेवाल्याला कळवलं आहे.” अहो, मी त्या रिकाम्या फळीवर चढूनच बसलो! “वजन बहात्तर किलो वाढलं. काटा फारच बिघडला आहे. तातडीनं कळवलं आहे.” बहात्तर! घरच्या काट्यावर अडुसष्ट येतं. पण म्हटलं, आज वाद नको.

चाळीस मिनिटांनी काटेवाला आला. मला बघून किंचाळला. मग धीर करून म्हणाला, “साहेब, जरा उतरा, काटा बघायचाय.”

त्याच्या मागोमाग मी बाहेर पडलो. कार्ड न लावता! कारण यंत्राच्या लेखी मी बाहेरच होतो ना, आता खरंच बाहेर आलो. त्याला काही सुधारावंच लागलं नाही, मीच सुधारलो. अहवाल आला, “काटा ठीक आहे. चूक आढळली नाही. बाकी सगळं आहे तसंच.”

दात वाजत होते तरी पहिला फोन आईला लावला. म्हटलं, आई, कशी आहेस गं? म्हणाली, “बरी आहे रे. मागच्या महिन्यात गुडघा बदलला. तुला कळवणार होते, पण म्हटलं तू कामात असशील, नेहमीच असतोस.” आणि वर तीच मला म्हणते, “काळजी करू नकोस. बाकी सगळं आहे तसंच.”